ॲपलूसा शिंगरांची पैदास : ठिपक्यांच्या आधी डोळे आणि पाय पाहा

प्रश्न असा आहे : हाताशी ॲपलूसा या ठिपकेदार अमेरिकन जातीच्या दोन घोड्या आहेत. एक लेपर्ड, म्हणजे पांढऱ्या अंगावर सर्वत्र गडद ठिपके असलेली, आणि दुसरी ॲपलूसा आईबापांच्या पोटची असूनही एकरंगी. प्रत्येक शिंगरू ठिपकेदारच व्हावे म्हणून फ्यूस्पॉट, म्हणजे जवळजवळ पूर्ण पांढरा, नर घ्यावा का, आणि होणारी शिंगरे उत्तम प्रतीची व्हावीत यासाठी त्यांना कसे वाढवावे? थोडक्यात उत्तर द्यायचे तर, त्या नराच्या डोळ्यांत दाह नसेल आणि बांधा निर्दोष असेल तर एकरंगी घोडी त्याच्याकडून अवश्य भरवावी. लेपर्ड घोडी मात्र त्याच्याकडून भरवू नये. असा भेद का करायचा हे नीट समजले की ॲपलूसाच्या पैदाशीतील निम्मे निर्णय आपोआप सोपे होतात, म्हणून आधी तेच सांगतो.

ॲपलूसाचे ठिपके, चितकबरी कातडी, उभ्या पट्ट्यांचे खूर आणि माणसासारखा दिसणारा डोळ्यातील पांढरा भाग या चारही खुणा एकाच जनुकीय बदलातून येतात. पैदासकार त्याला एलपी म्हणतात. हा बदल टीआरपीएम-१ नावाच्या जनुकात आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. आईबापांपैकी एकाकडूनच एलपी मिळाला तर शिंगरू ठिपकेदार होऊ शकते आणि त्याची नजर रात्रीही शाबूत राहते. दोघांकडून मिळाला, म्हणजे त्याच्या दोन प्रती आल्या, तर ठिपके कमी होऊन पांढरा रंग वाढतो आणि असे जनावर जन्मतःच रातांधळे असते. याचे कारण असे की दृष्टिपटलातील ज्या पेशी मंद प्रकाश टिपतात त्यांचा संदेश पुढच्या पेशींपर्यंत पोहोचवण्यासाठी हेच जनुक लागते. हा दोष वयाबरोबर वाढत नाही, पण त्याला उपायही नाही.

फ्यूस्पॉट नराकडे एलपीच्या दोन प्रती असतात, त्यामुळे तो प्रत्येक शिंगराला एक प्रत देणारच. एकरंगी घोडीकडे एलपी नसेल तर तिची सगळी शिंगरे एका प्रतीची होतील, म्हणजे ॲपलूसाच्या खुणा आणि चांगली नजर दोन्ही मिळतील. लेपर्ड घोडीकडे एक प्रत असते आणि ती निम्म्या शिंगरांना जाते. म्हणून या नराकडून तिला होणारे प्रत्येक शिंगरू रातांधळे निघण्याची शक्यता ५० टक्के राहते. लेपर्ड घोडीसाठी एलपी नसलेला, भक्कम बांध्याचा नर निवडावा. तेव्हा ठिपक्यांची शक्यता निम्मी होते हे खरे, पण रातांधळ्या शिंगराची शक्यता शून्यावर येते. माझ्या मते हा सौदा नेहमीच फायद्याचा आहे, आणि दोन ठिपकेदार जनावरांची जोडी लावताना तर हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण एकेक प्रत असलेल्या आईबापांचीही चारांत एक या प्रमाणात दोन प्रतींची शिंगरे होतात.

एकरंगी घोडी खरोखरच एलपीमुक्त आहे का, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. काही जनावरांत एलपीची खूण इतकी अल्प असते की नाकपुड्यांभोवती, ओठांवर किंवा शेपटीखाली चितकबऱ्या कातडीचा छोटासा पट्टाच काय तो दिसतो. आयाळीतील किंवा शेपटीतील मुळासकट उपटलेले काही केस प्रयोगशाळेत पाठवले की एलपीची तपासणी होते, आणि त्याच नमुन्यावर पॅटर्न-१ या दुसऱ्या जनुकाचीही करून घ्यावी. अंगावर पांढरे किती पसरणार हे मोठ्या प्रमाणात पॅटर्न-१ वर अवलंबून असते. एलपीची एक प्रत आणि सोबत पॅटर्न-१ असले तर लेपर्ड किंवा त्याच्या जवळपासचे जनावर होते. पॅटर्न-१ नसेल तर पुठ्ठ्यावर लहानसे पांढरे, किंवा वयाबरोबर अंगभर मिसळत जाणारे पांढरे केस, एवढ्यावरच थांबते. एलपी नसलेल्या घोडीत पॅटर्न-१ अजिबात न दिसता दडून असू शकतो. म्हणून जिला साधी समजून बाजूला ठेवले तीच घोडी पुढे सुंदर लेपर्ड शिंगरे देते. काळा मूळ रंग असलेल्या जनावरांपेक्षा तांबूस रंगाच्या जनावरांत पांढरे अधिक पसरते, हेही जोडी ठरवताना ध्यानात घ्यावे. करड्या होत जाणाऱ्या रंगाचा जोडीदार मात्र टाळावा, कारण त्या जनुकामुळे काही वर्षांत सगळे अंग पांढरे होऊन ठिपके पुसले जातात.

नोंदणीचा विचार याच टप्प्यावर करावा लागतो. अमेरिकेत १९३८ साली स्थापन झालेला आणि आता आयडाहो राज्यातील मॉस्को येथून चालणारा ॲपलूसा हॉर्स क्लब नियमित नोंदणीसाठी अंगावरचा ठिपक्यांचा नमुना, किंवा चितकबरी कातडी आणि त्यासोबत डोळ्यातील पांढरा भाग वा पट्ट्यांचे खूर यांपैकी एक खूण मागतो. पायावर पांढरे असल्यामुळे आलेले पट्टे किंवा तोंडावरच्या रुंद पांढऱ्या पट्ट्यामुळे दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग या खुणा म्हणून धरल्या जात नाहीत. थरोब्रेड, अरबी आणि क्वार्टर हॉर्स या तीन जातींच्या नोंदणीकृत घोड्यांशी संकर चालतो. तट्टू, अवजड ओझ्याच्या जाती आणि पिंटो, म्हणजे मोठ्या पांढऱ्या चट्ट्यांचे घोडे, यांचे रक्त चालत नाही. तेव्हा एकरंगी ॲपलूसा घोडीचा आणि ज्या नराकडून ती भरवायची त्याचा नोंदणीचा प्रकार क्लबच्या चालू नियमांशी ताडून पाहूनच घोडी भरवण्याचा करार करावा.

आता दुसरा आजार, जो मला रातांधळेपणापेक्षाही अधिक चिंतेचा वाटतो. वारंवार उलटणारा डोळ्याच्या आतील दाह, ज्याला पशुवैद्य युव्हायटिस म्हणतात, ॲपलूसांमध्ये इतर जातींच्या मानाने सुमारे आठपट आढळतो आणि त्यातून अंधत्व येण्याचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त आहे. एलपी असणे हा या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे आणि दोन प्रती असलेल्या जनावरांत तो सर्वाधिक असतो. इतर जातींत हा दाह बहुधा लालबुंद, पाणी गळणाऱ्या, घट्ट मिटलेल्या डोळ्याने स्वतःची वर्दी देतो. ॲपलूसांत तो अनेकदा गुपचूप चालतो. दिसते ते एवढेच : एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा किंचित लहान, पारपटलावर फिकट निळसर झाक, उन्हात पापणी थोडी जड, आणि पापण्यांच्या केसांचा कोन खाली झुकलेला. समोर उभे राहून दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांची एकमेकींशी तुलना करण्याची सवय लावून घेतली तर हा कोनातला फरक पशुवैद्य येण्याआधीच कळतो. म्हणून नर विकत घेताना त्याच्या वंशावळीइतकेच त्याच्या आईबापांच्या आणि प्रौढ संततीच्या डोळ्यांविषयी विचारावे आणि पशुवैद्याकडून बाहुली विस्फारून डोळ्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. युव्हायटिस झालेले जनावर, ते कितीही देखणे असले तरी, पैदाशीत वापरू नये, या मताचा मी आहे.

रक्तातून येणारे आणखी काही आजार क्वार्टर हॉर्सच्या संकरातून या जातीत आले आहेत, त्यांच्या तपासण्या एकाच नमुन्यावर होतात. १९६९ साली जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह या क्वार्टर हॉर्स नराच्या वंशात चालत आलेला, स्नायूंना झटके आणणारा हायपीपी, स्नायूंत साखरेचा विकृत साठा करणारा पीएसएसएम-१, आणि भूल देताना जिवावर बेतू शकणारा मॅलिग्नंट हायपरथर्मिया हे तिन्ही एका प्रतीनेच उतरतात. हर्डा हा कातडी सोलवटणारा विकार आणि शिंगराला जगूच न देणारा जीबीईडी हे मात्र दोन वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेली निरोगी जनावरे, एकत्र आले तरच प्रकटतात. वाहक जनावर टाकून द्यायचे कारण नाही, फक्त त्याला वाहक जोडीदार देऊ नये.

बांध्याबद्दल थोडे. या जातीची कीर्ती घडवणाऱ्या नेझ पर्स या अमेरिकेतील आदिवासी लोकांचे घोडे १८०६ साली शोधप्रवासी मेरिवेदर लुईसने पाहिले तेव्हा त्याने आपल्या रोजनिशीत त्यांची उंची, डौलदार बांधा, चपळाई आणि टिकाऊपणा यांची प्रशंसा आधी केली आणि काहींच्या अंगावरील पांढऱ्या डागांचा उल्लेख त्यानंतर केला. निवडीचा क्रम तोच असावा. खांद्याचा चांगला उतार, छोटी मजबूत पाठ, जमिनीला सरळ भिडणारे पाय, अंगाच्या वजनाला शोभतील एवढे मोठे खूर आणि शांत स्वभाव हे घोडीत आधी शोधावेत. शिंगरू स्वभाव मोठ्या प्रमाणात आईजवळ राहून शिकते, म्हणून माणसाला पाहून कान मागे टाकणारी घोडी रंगासाठी पाळू नये.

घोडी लांबत जाणाऱ्या दिवसांत माजावर येते. माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे, त्यातले ५ ते ७ दिवस माजाचे, आणि अंडमोचन, म्हणजे बीज सुटणे, माज संपण्याच्या साधारण एक-दोन दिवस आधी होते. लवकर शिंगरू हवे असेल तर हंगामाच्या सुमारे ६० दिवस आधीपासून रोज एकूण १६ तास प्रकाश देतात. शर्यतीच्या किंवा शिंगरांच्या प्रदर्शनाच्या घाईत नसलेल्याने मात्र हिरवा चारा मुबलक असतानाच शिंगरू येईल असे नियोजन करावे. आईच्या दुधाला आणि शिंगराच्या पायांना ते अधिक मानवते. घोडी भरल्यानंतर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी अजिबात चुकवू नये. जुळे गर्भ घोडीत क्वचितच सुखरूप टिकतात, आणि १६व्या दिवसाच्या सुमारास गर्भ एका जागी स्थिरावण्याआधीच पशुवैद्य दोनांपैकी एक सहज कमी करू शकतो. गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांसाठी २५व्या दिवसाच्या सुमारास पुन्हा तपासणी करावी.

गाभणपणाचे दिवस सरासरी ३४०, पण ३२० ते ३६५ यांतला कोणताही दिवस नैसर्गिकच मानला जातो. हर्पिस विषाणूमुळे होणारा गर्भपात टाळण्यासाठी पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात लस द्यावी. विण्याच्या ४ ते ६ आठवडे आधी धनुर्वात व इतर लसींचे बूस्टर द्यावेत, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळते. शेवटचे तीन महिने गर्भ झपाट्याने वाढतो, तेव्हा नुसते धान्य वाढवण्यापेक्षा चांगले गवत आणि तांबे, जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस यांचा समतोल असलेला खुराक द्यावा, कारण शिंगराच्या यकृतातील तांब्याचा साठा याच काळात भरला जातो. बरगड्या दिसणार नाहीत पण हाताला सहज लागतील, एवढे मांस असावे. टॉल फेस्क्यू जातीचे गवत ज्या कुरणात आहे तिथून घोडीला शेवटचे ६० ते ९० दिवस बाहेर काढावे. त्या गवतातील बुरशीमुळे गाभणपणाचा काळ लांबतो, वार जाड होते आणि कासेत दूधच उतरत नाही.

विण्याची जागा कोरडी, स्वच्छ पेंढ्याची आणि प्रशस्त असावी. सडांवर मेणासारखे थेंब दिसणे, शेपटीच्या बुडाशी स्नायू सैल होणे आणि चिकातील कॅल्शियम वाढणे ही जवळ आलेल्या वेळेची लक्षणे. कॅल्शियम पट्टीने तपासता येते. पाणी फुटल्यानंतर शिंगरू साधारण २० ते ३० मिनिटांत बाहेर यायला हवे. एक लक्षण मात्र प्रत्येकाने ओळखायलाच हवे : पांढऱ्या चकचकीत पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी आधी बाहेर आली तर वार गर्भाशयापासून आधीच सुटली आहे आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाही. अशा वेळी पशुवैद्याला फोन लावता लावताच ती पिशवी फाडून, घोडीच्या कळांबरोबर, शिंगराला खाली आणि घोडीच्या घोट्यांच्या दिशेने ओढून बाहेर काढावे. वाट पाहण्याला तिथे जागा नसते.

निरोगी शिंगरू तासाभरात उभे राहते, दोन तासांत दूध पिते, आणि घोडीची वार तीन तासांत पडते. या वेळांपैकी एखादी जरी चुकली तरी पशुवैद्याला बोलवावे; विशेषतः वार अडकली तर गर्भाशयाचा दाह आणि खुरांचा दाह हे दोन्ही घोडीच्या जिवावर उठतात. नाळ स्वतःहून तुटू द्यावी आणि बुडखा पातळ क्लोरहेक्झिडिनमध्ये दिवसातून काही वेळा बुडवावा. पहिली काळपट, चिकट विष्ठा पडली की नाही हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचा तो चीक. शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते आणि आतडी चिकातील प्रतिपिंडे जेमतेम पहिले २४ तासच शोषून घेतात, तेही पहिल्या काही तासांत सर्वाधिक. १२ ते २४ तासांच्या दरम्यान रक्त तपासावे. आयजीजी, म्हणजे चिकातून आलेल्या प्रतिपिंडांचे, प्रमाण दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक हवे. ते अपुरे निघाले आणि शोषणाची वेळ टळून गेली असेल तर शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव, देणे हाच उपाय उरतो.

ॲपलूसा शिंगराला पहिल्या दिवशी पाहताना मी ठिपके मोजत बसत नाही. आधी टॉर्चच्या उजेडात डोळे पाहतो, मग पाय, मग ओठ आणि शेपटीखालची कातडी. जन्मताना अंगावर असलेला रंग कायमचा नसतो. तीन-चार महिन्यांत बाळकेस झडतात तेव्हा नवा रंग दिसतो, आणि पुढे काही वर्षे पांढरे केस वाढत राहतात. एकरंगी जन्मलेले शिंगरू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुठ्ठ्यावर पांढरे घेऊन उभे राहते ते यामुळेच. म्हणून पहिल्या आठवड्याच्या छायाचित्रावरून ठिपक्यांचे आश्वासन देऊन शिंगरू विकू नये.

दोन प्रतींचे शिंगरू आधीच घरात असेल तर त्याची ओळख संध्याकाळी पटते. दिवसभर आईभोवती उड्या मारणारे ते शिंगरू अंधार पडू लागला की कुरणाच्या फाटकाशी थबकते, मान उंच करून डोके तिरके धरते, पाय एकेक चाचपून टाकते आणि आईच्या अंगाला चिकटून चालते. त्याला हट्टी किंवा भित्रे समजून दोरीने ओढणे हा अन्याय आहे. त्याला उजेड असताना आत आणावे, रात्री नव्या जागी सोडू नये, गोठ्यातील दिवा एकदम विझवू नये, कुंपणाला काटेरी तार वापरू नये आणि जवळ जाताना आधी आवाज द्यावा. अशी देखभाल मिळाली तर दिवसा ते उत्तम काम देते, पण पुढे त्याला रातोरात दूरच्या प्रवासाला पाठवताना किंवा संध्याकाळी रपेटीला काढताना ही गोष्ट घोडेस्वाराला माहीत असायलाच हवी.

वाढीच्या काळात सर्वाधिक नुकसान घाईने होते. पूर्ण वाढलेल्या वजनाच्या सुमारे एक दशांश वजनाने जन्मलेले शिंगरू सहा महिन्यांत त्या वजनाच्या ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत पोहोचते. ही गती आधीच विलक्षण आहे. प्रदर्शनात भरदार दिसावे म्हणून पिष्टमय धान्य भरपूर खाऊ घातले की सांध्यांतील कूर्चा नीट हाडात रूपांतरित होत नाही आणि सांधे कायमचे अधू होतात. पीएसएसएम-१ च्या शिंगरांना तर असे धान्य दुप्पट घातक. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे प्रमाण दीड ते दोनास एक असे ठेवावे, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून आईला खाता येणार नाही अशा आडोशात थोडा स्वतंत्र खुराक द्यावा, आणि रोज मोकळ्या कुरणात धावू द्यावे, कारण हाडे आणि कंडरा धावण्यानेच घट्ट होतात. पायातला बाक दिसला तर नालबंद आणि पशुवैद्य यांना एकत्र बोलवावे. खुरावरच्या घोट्याजवळचा बाक दुरुस्त करण्याची संधी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असते, गुडघ्याजवळच्या बाकाला थोडा अधिक अवकाश मिळतो. खुरांची पहिली तासणी ४ ते ६ आठवड्यांच्या वयात करावी, मग दर महिना-दीड महिन्याने.

गोल जंतांवर पहिले औषध दोन-तीन महिन्यांच्या वयात, बेंझिमिडॅझोल गटातील द्यावे. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाला या जंतांची प्रतिकारशक्ती जगभर वाढलेली असल्याने केवळ त्यावर विसंबू नये आणि विष्ठेतील अंड्यांची मोजणी करून पुढचे औषध ठरवावे. दूध तोडणे चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, शिंगरू खुराक चांगला खाऊ लागल्यावर, ओळखीच्या सोबत्याजवळ ठेवून आणि टप्प्याटप्प्याने करावे. त्याच आठवड्यात लस, प्रवास आणि नालबंद असे तिन्ही ताण एकत्र आणू नयेत. मोरकी घालणे, पाय उचलू देणे आणि डोळ्याच्या पापणीला हात लावू देणे या तीन गोष्टी दूध तोडण्याआधीच शिकवाव्यात. ॲपलूसाच्या बाबतीत पापणीचा सराव सर्वांत मोलाचा, कारण पुढे कधी युव्हायटिस उद्भवला तर दिवसातून अनेकदा डोळ्यात मलम घालावे लागते, आणि पापणीला हात लावू न देणाऱ्या घोड्याचा डोळा वाचवणे फार अवघड होते. माशांच्या दिवसांत तोंडावर जाळी घालावी, साचलेल्या पाण्यापासून आणि उंदरांपासून पागा मुक्त ठेवावी, कारण लेप्टोस्पायरा जिवाणूंचा या दाहाशी निकटचा संबंध आहे. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून डोळ्यांची तपासणी करावी आणि तिची नोंद जपून ठेवावी.

नर शिंगरांपैकी बहुतेकांचे खच्चीकरण करावे, हे मी आग्रहाने सांगेन. केवळ आकर्षक ठिपके हे नर राखण्याचे कारण होऊ शकत नाही. बांधा, चाल, स्वभाव, डोळे आणि जनुकीय अहवाल या पाचही बाबतींत जो अव्वल ठरेल तोच पैदाशीला ठेवावा; बाकीचे चांगले खच्ची घोडे म्हणून घोडेस्वारांच्या अधिक उपयोगी पडतात. शिंगरू विकताना एलपी आणि पॅटर्न-१ चा अहवाल, इतर आजारांच्या तपासण्या, आयजीजीचा आकडा, लसींच्या व जंतनाशकांच्या तारखा आणि अलीकडच्या नेत्रतपासणीचा दाखला खरेदीदाराच्या हाती द्यावा, आणि शिंगरू दोन प्रतींचे असेल तर ते रात्री पाहू शकत नाही हे व्यवहार ठरण्याआधीच त्याला लेखी कळवावे.